विद्याचे रविवार

मी, दामोदर त्रिविक्रम गोगटे, वय ६९, निवृत्त शास्त्रज्ञ, राहणार जयनगर, बंगळूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर व ठेवी चिरंजीव आशय आणि सूनबाई सौ. अमृता यांना समान. घर खुशाल विका, फक्त माझ्या तेराव्याच्या पंगतीत दलाल बसवू नका.

२. पत्नी कै. विद्या हिची वाजवायची पेटी अमृताला. १९८५ साली विद्याच्या बोटांचे सांधे धरले. मी तिच्यासाठी सालईच्या डिंकाचा अर्क केला. त्यात तेलाचा अंशही राहू दिला नाही, याचा मला कोण गर्व! रोज सकाळी अनशापोटी एक कॅप्सूल. दर रविवारी मी विचारायचो, "फरक?" ती म्हणायची, "आहे हो." मी तारीख घालून वहीत लिहायचो. अशी दहा वर्षे. त्या दहा वर्षांत पेटी एकदाही उघडली नाही. ते मला दिसत होते, पण वहीत लिहिले नाही.

३. माझ्या माजी सहायक अनुसूयाबाई रघुजीराव, चामराजपेट, यांना औषधाचे कण बारीक करायचे माझे यंत्र, सगळ्या वह्या आणि माझी माफी. १९९१ साली विद्याचे रक्त तपासून त्या म्हणाल्या होत्या, "सर, अक्कांच्या रक्तात औषध काय बी नाही. पोटातनं पुढं जातच नाही ते, त्याला तेल-तूप लागतं. स्वल्प तुपाबरोबर जेवणात द्या, नाहीतर लेसिथिनासारख्या स्निग्धात बांधून देऊ या."

मी ओरडलो, "पेशंट स्वतः सांगतेय ना, फरक आहे म्हणून!" या औषधावरच्या शोधनिबंधातून त्यांचे नाव मी माझ्या हाताने खोडले. त्या नोकरी सोडून गेल्या. आता बोम्मसंद्र्याच्या एका औषध कारखान्यात हेच बांधायचे काम करतात. मी दोनदा फोन केला, पण आवाज ऐकून ठेवून दिला.

१९९५ मध्ये विद्या हृदयविकाराने गेली. मग मी तीच कॅप्सूल अनशापोटी घेऊन स्वतःचे रक्त तपासले. औषध जवळजवळ नव्हतेच. लेसिथिनात बांधून घेतले, तेव्हा दोन तासांत दिसले. ते तिच्यापर्यंत पोचले असते तर बोटे सुटली असती का, मला माहीत नाही. ते कळायची संधी मी घालवली. अमृता नंतर म्हणाली, "बाबा, आई म्हणायच्या, नाही म्हटलं तर त्यांना फार लागेल."

४. वह्यांतला प्रत्येक रविवार अनुसूयाबाईंनी लाल शाईने खोडावा. दुसऱ्या कोणी नाही.

५. विद्या एम. ए. होती, अक्षर माझ्याहून सुरेख. शेवटच्या वर्षी बोटांत पेन धरवेना, तेव्हा बँकेत कारकुनाने "सही येत नाही" असे लिहून तिचा अंगठा घेतला. मी शेजारी उभा होतो, काही बोललो नाही. म्हणून या कागदावर मीही अंगठाच देत आहे.

बंगळूर, १२ ऑक्टोबर १९९८

दामोदर त्रिविक्रम गोगटे यांचा डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार: डॉ. प्रतिमा हळबे (सही), गिरीराज नागोजीराव (सही)

वरील अंगठा दामोदररावांनी आम्हां दोघांसमोर दिला. त्यांना सही येते.