गोधडीला लागणारी जागा

दादा, तुम्ही गेलात त्या वेळी तुमचे जे वय होते, त्याहून आज माझे वय अधिक आहे. वडिलांपेक्षा वृद्ध झालेल्या मुलाने वडिलांना कसे लिहावे, हे मला चौथीपर्यंत कोणी शिकवले नाही आणि त्यापुढे मी शाळेत गेलो नाही. पनवेलच्या ज्या घरात बसून मी हे लिहीत आहे, ते तुम्ही पाहिलेले नाही. ते माझ्या मुलाने बांधले. खाली गाड्या लावण्याची जागा आहे आणि वर आम्ही राहतो. ज्या मिठागरावर तुम्ही राबलात, तेथून आता रुंद रस्ता जातो. हे सांगताना मला अभिमान वाटत असे. आज लिहिण्याचे कारण मात्र निराळे आहे.

तुमची नातसून आपटा गावची. गोधड्या उत्तम शिवते. यंदा तिने माझ्यापाशी येऊन विचारले, "बाबा, मागची खोली मला शिलाईला द्याल का? रिकामी खोली पुरे. बाकी काही नको." मी होकार दिला. रिकामी हा शब्द मी ऐकला नाही, असे मला म्हणता येणार नाही. मी तो ऐकला आणि तिला त्यातले काही कळत नाही, असे मनाशी ठरवले. दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावला. खोलीच्या मधोमध सनमायका लावलेले भले मोठे टेबल करवून घेतले. भिंतभर कपाट, दोऱ्यांच्या रिळांसाठी खुंट्यांची फळी, विजेवर चालणारे मशीन, गोल फिरणाऱ्या खुर्च्या, सर्व काही आणले. सुताराच्या डोक्यावर मी स्वतः उभा राहिलो. सून दारातून म्हणाली, "बाबा, टेबल जरा मोठं होतंय. खाली जागाच उरत नाहीये." मी तिला सांगितले की काम करणाऱ्या माणसाने ताठ बसावे, आणि माझ्या घरात कोणीही जमिनीवर बसून सुई चालवणार नाही.

माझ्या त्या वाक्यामागे तुम्ही होतात. पावसाळ्यात मिठागर बंद असे. उन्हाळाभर मिठाच्या गोणींची तोंडे दाभणाने शिवणारे तुमचे हात मग लोकांच्या गोधड्या शिवत. पुरुष असून गोधड्या शिवतो, म्हणून गावात तुमची चेष्टा होई. एकदा तुम्ही पनवेलला एका शेठच्या घरी गोधडी शिवत होतात, तेथे मी तुमची भाकरी घेऊन आलो. तुम्ही ओसरीवर जमिनीला बसला आहात, कापडावरच मांडी घालून, मान खाली. शेजारी खुर्चीत शेठ बसला आहे आणि त्याचे पाय तुमच्या खांद्यापासून हातभर अंतरावर आहेत. ते पाय मी आयुष्यभर विसरलो नाही. आपल्या घरात खुर्च्या असतील, असे मी त्या दिवशी ठरवले.

खोली सजल्यावर पहिल्या दिवशी आपल्या गव्हाण गावाहून बायका आल्या. त्यांत आपल्या चुलत घराण्यातल्या माझ्या वहिनी होत्या. त्यांच्या जिभेला हाड नाही, हे आपण सर्व जाणतोच. दारातच थांबून त्या म्हणाल्या, "भावजी, हाटेल काढलं काय? टेबल हाय, खुर्च्या हायेत. आता भजी कुठं हायेत ती सांगा." सर्व जणी हसल्या. मी हसलो नाही. पहिली गोधडी माझ्या पत्नीच्या लुगड्यांची व्हायची होती. तिला जाऊन फार काळ झालेला नाही. सुनेने लुगडी मागितली तेव्हा मी ती स्वतः पेटीतून काढून दिली होती. बायकांनी ती टेबलावर थरावर थर पसरली, पण टेबल कितीही मोठे असले तरी गोधडी त्याहून मोठीच होती. कडा खाली लोंबल्या, त्यांच्या भाराने वरचा थर सरकला, मध्ये झोळ आला. एक बाजू ओढली की दुसरी सुटे. मशीनखाली घालून पाहिले, तर एवढी जाडी त्याच्या तोंडात जाईना. शेवटी वहिनी म्हणाल्या, "भावजी, हिला खाली पसरायला पायजे. चौघींनी चार बाजूंना तिच्यावर बसायचं, मंग थर हलत नाय. अशी लटकवून गोधडी नाय होत."

त्यांचे म्हणणे बरोबर होते आणि ते मला त्याच क्षणी कळले. कळूनही मी म्हणालो, "ज्यांना जमिनीवरच बसायचे असेल, त्यांनी खाली गाड्यांपाशी बसावे."

सुनेने लुगडी शांतपणे गोळा केली आणि सर्व जणी खरोखरच खाली गेल्या. मी गॅलरीतून पाहिले. स्कूटरच्या शेजारी, तेलाच्या डागापासून जरा बाजूला, सतरंजी घालून त्यावर माझ्या पत्नीचे हिरवे लुगडे अंथरले होते. ज्या बाईने आपल्या लुगड्याचा काठ कधी मळू दिला नाही, तिचे लुगडे. घराचा रखवालदार पाण्याच्या मोटरकडे निघाला होता. त्याने चपला काढून हातात घेतल्या आणि तो कडेकडेने गेला. त्याला कोणी काही सांगितले नव्हते. दादा, मी आत आलो आणि गॅलरीचे दार लावून घेतले.

दुसऱ्या दिवसापासून गोधडी गव्हाणला, वहिनींच्या ओटीवर गेली. सून सकाळी जाई, दुपारी परत येई. माझे ताट वेळेवर वाढी, भात ऊन असे. ती रागावली असती तर मला सोपे गेले असते. एके दुपारी मी त्या खोलीत जाऊन एका फिरत्या खुर्चीत बसलो. पाहतो तो काय, पाय ठेवायलासुद्धा धड जागा नव्हती. आणि तेथे मला शेठच्या ओसरीवरचे उरलेले आठवले. तुम्ही मांडीखाली हात फिरवलात, सुरकुती लागली असावी. वर न पाहता तुम्ही म्हणालात, "शेठ, पाय उचला. कापड सरकतंय." आणि शेठने पाय उचलले. तुम्ही सुरकुती काढून थर पुन्हा ताणून घेईपर्यंत तो तसाच, पाय अधांतरी धरून, खुर्चीत बसून राहिला. हे मी पाहिले होते. इतकी वर्षे मी फक्त त्याची खुर्ची लक्षात ठेवली, आणि तुम्ही किती खाली बसला होतात तेवढे मोजले.

मी सुताराला पुन्हा बोलावले. टेबल आणि खुर्च्या गेल्या. कपाट राहिले, खुंट्यांची फळी राहिली, मशीन कोपऱ्यात सरकवले. फरशी मी स्वतः पुसली. गुडघ्यांनी फार साथ दिली नाही, परंतु पुसली. मग सुनेला एवढेच सांगितले की खोली मोकळी आहे. तिने खोली पाहिली, नंतर माझे ओले धोतर पाहिले आणि म्हणाली, "उद्या सगळ्यांना बोलावते."

काल त्या आल्या. लुगडी भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरली, हिरवे सर्वांत वर. चार बाजूंना चौघी बसल्या, कडेने टाके घालीत आत सरकू लागल्या. मी दारापाशी स्वयंपाकघरातली खुर्ची टाकून बसलो. बसण्याचे कारण कोणी विचारले नाही. काही वेळाने सुनेने मान वर न करता हात हलवला. "बाबा, पाय उचला जरा. कापड सरकतंय."

मी पाय उचलले. तिने थर ताणून घेतला, पुढचा टाका घातला, आणखी एक घातला. खाली ठेवा, असे ती म्हणेपर्यंत मी ते तसेच धरून ठेवले. वहिनींनी माझ्याकडे पाहिले आणि आपल्या बाजूचा टाका घातला.

हे पत्र पाठवता येईल असे ठिकाण नाही आणि घरात कोणाला वाचून दाखवण्याचे धैर्य मला नाही. म्हणून तुम्हालाच सांगून ठेवतो. टेबल का काढले, असे वहिनींनी काल येताच विचारले होते. त्याला वाळवी लागली होती, असे मी म्हणालो. नव्याकोऱ्या सनमायकाच्या टेबलाला वाळवी. सून तेथेच उभी होती. ती म्हणाली, "हो, फार लागली होती."