मधला चौकोन

बालाघाट
दि. ४ जानेवारी २०२५

सौ. ज्योत्स्नाताईस,
प्रीतमचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तू माझा नंबर बंद करून ठेवलास, फोन लागत नाही, म्हणून हे पत्र. चूक राहू नये म्हणून आधी कच्चे लिहिले, मग पक्के केले.

नऊ फेब्रुवारीला आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षे होतात. दुकानातली शिलाई सांभाळून मी त्यांच्यासाठी गोधडी शिवतो आहे. वर आईच्या साड्यांचे चौकोन, आत बाबांचे जुने सदरे. आई म्हणते, बरोबरच आहे, ऊन-पाऊस मी झेलला, हे आत लपून बसले.

मधला चौकोन मात्र रिकामा आहे. तिथे आईच्या लग्नाची पांढरी साडी हवी, आणि ती तुझ्या पेटीत आहे. पदराचा हातभर तुकडा पुरे. पण तू कापू नकोस. तुझी कात्री नेहमी वाकडी जाते. साडी पाठव, मी खडूने आखून कापतो.

आई बरी आहे. बाबा तुझे नाव काढत नाहीत.

राग ठेवलास तरी नाते ठेवावे.
तुझा भाऊ,
प्रीतम


तिरोडी
दि. ११ जानेवारी

चि. प्रीतमले अ. आ.

पत्र मिळालं. अक्षर सुंदर आहे, अक्कल तेवढी राहून गेली.

पवन आपल्या समाजाचे नाहीत म्हणून बाबा माझ्या लग्नात आले नाहीत, आईले येऊ दिलं नाही, आणि तू त्याईच्या मागं घरी बसलास. आदल्या दिवशी आईनं लपून ही साडी हातात दिली, म्हणाली माझ्या लग्नाची आहे, नेस. माझ्या माहेरून विहारात आली ती ही एक साडी. आता तिले कापून तू त्याच माणसाच्या अंगावर पांघरणार? काहून?

माझी कात्री सरळ चालत असती, तर पहिली तुझ्या जिभेवर चालवली असती. मधल्या चौकोनात बाबांचा हट्ट शिव. तो काही फाटत नाही.

आईले जयभीम. बाकी कोणाले नाही, आणि उत्तराची वाटही पाहत नाही.
ज्योत्स्ना


बालाघाट
दि. २० जानेवारी

सौ. ताईस सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझ्यासाठी कडक वाक्ये लिहून ठेवली होती. ती खोडत नाही, कारण ती खरी आहेत. माहेर तू पेटीत ठेवून कुलूप लावलेस. इथे बाबांचा दमा आणि आईचे गुडघे मी सांभाळतो. वर्षातून एकदा तुला आईची आठवण येते, तीही भांडायला.

आता दुसरी गोष्ट. आपल्याकडे जुनी गोधडी टाकत नाहीत, तिच्यावरच नवी चढवतात. म्हणून मी आईच्या खाटेवरच्या गोधडीची कड उसवली. आत पांढरी साडी निघाली, निळ्या काठाची, पार विरलेली. आईला दाखवली तर तिने आधी काठावरून हात फिरवला. मग म्हणाली, हीच माझ्या लग्नाची, तुम्ही दोघं हिच्यावरच लोळून मोठे झाले.

मग तिरोडीची कोणती, म्हणून मी तिचा पिच्छाच पुरवला. ताई, ती बाबांनी घेतलेली आहे. तुझ्या लग्नाआधी बाजारातून आणून आईला म्हणाले होते, तुझी म्हणून दे, माझी म्हटली तर पोरगी घेणार नाही. नवेपण जावे म्हणून आईने ती सोड्यात भिजवून दगडावर आपटली.

आई म्हणते, माझी आतच राहू दे, मधल्या चौकोनात ह्यांनी घेतलेली पाहिजे.

हे वाचून तरी फोन सुरू करावा.
प्रीतम


तिरोडी
दि. २८ जानेवारी

चि. प्रीतमले अ. आ.

आईनं दगडावर साडी आपटली की मले? ज्या माणसाले इतकी वर्षं शिव्या दिल्या, त्याच्याच पदरानं डोळे पुसत होती मी! नाही म्हणायले त्याईले जीभ होती, अन् हे सांगायले नव्हती? याच्यापेक्षा काही घेतलंच नसतं तर बरं होतं.

तुकडा मिळणार नाही. टपालानं तर नाहीच. ज्यानं लपून दिली त्यानं उघड दारात येऊन मागावी. पवन घरीच राहतील, त्याईच्या देखत मागावी. चहा मिळेल. गोड बोलणं मिळणार नाही.

हे पत्र बाबांले मोठ्यानं वाचून दाखव. एक शब्द गाळशील तर माझ्याशी गाठ आहे.
ज्योत्स्ना


बालाघाट
दि. ३ फेब्रुवारी

सौ. ताईस सप्रेम जयभीम. वि. वि.

एक शब्द गाळला नाही. बाबा म्हणाले, पोरगी सुधरली नाही, मी काही जात नाही. आई म्हणाली, हौ, नका जाऊ, अजून पन्नास वर्षं बसा असेच.

आज सकाळी उठून पाहतो तर बाबा दाढी करून बसलेले. गोधडीत घालायला बाजूला ठेवलेला पांढरा सदरा त्यांनी गठ्ठ्यातून ओढून काढला. मी म्हटले, बाबा, तो गोधडीचा आहे. तर माझ्यावरच खेकसले, की मी अजून जिवंत आहो, इस्त्री कर.

दारात उभे राहून ते काही बोलणार नाहीत, हे तुलाही माहीत आहे. म्हणून हे पत्र त्यांच्याच खिशात घालून देतो. चौकोन अजून रिकामा आहे.

चालून त्यांना धाप लागते. आधी पाणी दे, मग भांड.

प्रीतम