नववीतला कॅप्टन

मांजरी, पुणे
रविवार दुपार

ती. शालनताईस,

धाकट्या समाधानचा सविनय जय भीम. तुझे गुडघे जिना चढू देतात का, आणि भाऊजींची साखर निदान तपासणीच्या दिवशी तरी ताब्यात असते का, ते आधी कळव. आम्ही तिघं ठीक आहोत. म्हणजे शर्मिला ठीक आहे, धम्मदीप तब्येतीने ठीक आहे पण बोलत नाही, आणि मी गेले दहा दिवस पाठीला उशी लावून ऑफिसात बसतोय. त्याचं कारण पुढे येईल. फोन सोडून हा पत्राचा घाट कशाला, असं तू विचारशील. तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि भाऊजींना मध्येच बोलायची सवय आहे (हे वाक्य त्यांना वाचून दाखवू नकोस). शिवाय आमच्या नव्या बिल्डिंगच्या भिंती अशा, की शेजारी चटणी वाटली की आमच्या कपबशा हलतात. मला जे सांगायचंय ते अशा घरात बोलून सांगता येत नाही.

विषय दीपचा आहे. त्याला चौदा पूर्ण होऊन सहा महिने झाले, नववीत गेला. त्याच्या वर्गातला तेजस, जो दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे येऊन मांडी घालून वरणभात खायचा, तो परवा दारात उभा राहिला तर मी त्याला कुरिअरवाला समजून सही करायला पेन शोधू लागलो. आवाज घोगरा, ओठावर मिशीची रेघ, आणि मला 'काका' अशा सुरात म्हणतो की मीच त्याला वाकून नमस्कार करावा. आमचे चिरंजीव मात्र सातवीत होते तेवढेच आहेत. आवाजही तोच. फोन उचलला की समोरचा 'मॅडम, पार्सल आहे' म्हणतो, म्हणून त्याने फोन उचलणंच सोडलं. वर्गात हजेरीला 'यस सर' न म्हणता नुसता हात वर करतो, हे बाईंनी पालकसभेत सांगितलं. (त्यांना ते शिस्तीचं लक्षण वाटलं.) एप्रिलमध्ये सोसायटीच्या जयंतीच्या मिरवणुकीत लेझीमवाल्यांनी उंचीप्रमाणे रांगा लावल्या आणि याला चौथीच्या पोरींच्या मध्ये उभं केलं. मिरवणूक संपेपर्यंत खेळला बिचारा, एक पाऊल चुकला नाही. घरी येऊन लेझीम पलंगाखाली सारलं आणि तेव्हापासून खाली खेळायला उतरला नाही.

आता मी बाप असल्यामुळे उपाय करणं आलंच. ऑफिसातल्या एकाने प्रोटीनची पावडर सांगितली. डबा एवढा मोठा, की त्यात वर्षाचे तांदूळ मावावेत. दीपने आठ दिवस घेतली, त्यातले पाच दिवस तो बाथरूममध्ये होता. मग लोंबकळण्याचा व्यायाम. (हा सल्ला कोणी दिला हे विचारू नकोस, आपल्याच घराण्यातला आहे.) दाराच्या चौकटीत बसवायचा एक दांडा आणला. दीप म्हणाला, चौकट नाही टिकणार. मी म्हणालो, बाप कशाला आहे, आणि दाखवायला म्हणून स्वतः लोंबकळलो. चौकट, अर्धा फूट प्लास्टर आणि मी असे तिघे एकत्र खाली आलो. शर्मिलाने आधी प्लास्टर झाडलं, मग मला उठवलं. तिचा क्रम मी लक्षात ठेवला आहे.

त्याच संध्याकाळी ती माझ्या पाठीला मलम चोळत असताना म्हणाली, की दीपने तिला एक प्रश्न विचारलाय. मी म्हटलं, कसला. ती म्हणाली, "तो म्हणाला, आई, मी असाच राहणार का?" ताई, मलम आधीच झोंबत होतं म्हणून बरं, नाहीतर माझ्या तोंडाकडे बघून तिला वेगळंच काही वाटलं असतं.

मग आम्ही नारायण पेठेतल्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो. मुलांच्या वाढीच्याच डॉक्टर आहेत. शब्द मोजून बोलतात. पावडरचं सांगितलं तर म्हणाल्या, उरलेली तुम्ही घ्या, तुम्हाला नाहीतरी आता वाढायचं नाही. पण दीपशी मात्र त्या फार चांगलं बोलल्या, माझ्याकडे पाठ करून, थेट त्याच्याशी. मुलगे वयात यायला लागतात ते नवव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत कधीही, मुली त्याच्या आधी, आणि एका वर्गातली साठ मुलं एकाच दिवशी मोठी होत नाहीत, तशी झाली तर बाक पुरणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. चौदा उलटूनही काहीच सुरुवात नसेल तर एकदा नीट बघून घ्यायचं, घाबरायचं नाही. त्यांनी डाव्या हाताचा एक्सरे काढायला लावला. हातातल्या हाडांवरून कळतं म्हणे, शरीर कितव्या वर्षात आहे. दीपची हाडं निघाली बारा वर्षांची. मी हबकलो. बाई म्हणाल्या, ही तर चांगली बातमी, म्हणजे वाढायला अजून भरपूर जागा शिल्लक आहे.

आणि मग त्यांनी पेन उचलून मला विचारलं, "वडिलांची वाढ कधी झाली?"

ताई, तुला इथे हसू येणार, ते जरा थांबव. दीप शेजारच्या खुर्चीत बसला होता, पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. आणि मी त्याच्यादेखत म्हणालो, "वेळेवर झाली. उलट जरा लवकरच."

का म्हणालो? कारण तो पाच वर्षांचा असल्यापासून मी त्याला सांगत आलोय, की तुझा बाप नववीत कबड्डीचा कॅप्टन होता. आधी तो जेवत नव्हता म्हणून सांगितलं, मग ते सांगायला मलाच बरं वाटायला लागलं. दरवर्षी थोडी भर पडत गेली. नववीत दाढी करायला लागलो, तालुक्याला चढाईत पाच जण बाद केले, असं करत करत आता या शहरात माझं असं बालपण झालंय की ते मलाच खरं वाटतं. इथे मला खोटं पाडणारं कोण आहे? बाईंनी कागदावर लिहिलं, घरात कोणाची वाढ उशिरा झालेली नाही. मग म्हणाल्या, असं असेल तर कारण शोधायला लागेल. रक्ताच्या चाचण्या झाल्या. त्या सगळ्या ठीक आल्या. तरीही कारण कळेना म्हणून पुढच्या आठवड्यात डोक्याचा स्कॅन ठरला. दीपने वाटेत फक्त एवढंच विचारलं, की त्या यंत्रात जाताना आई आत येऊ शकते का. मी गाडी चालवत होतो. मी म्हणालो, बघू.

खरं काय ते तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे. कबड्डीच्या मैदानावर मी फक्कीने रेषा आखायचो. नववीत, दहावीत आणि अकरावीतही, कारण खेळायला घेतलं तर हाड मोडेल अशी सरांना भीती वाटायची. आप्पा रोज सकाळी मला लिंबाच्या फांदीला लोंबकळायला लावायचे आणि खाली उभं राहून अंक मोजायचे. तुझ्या लग्नात मी बारावीत होतो. परत निघताना जीपमध्ये जागा नव्हती, तर भाऊजींच्या काकांनी मला उचलून मांडीवर घेतलं आणि परभणीपर्यंत 'बाळा, ऊन लागतंय का' असं विचारत आले. बाळ पुढच्या आठवड्यात फिजिक्सची प्रॅक्टिकल देणार होतं. माझा आवाज फुटला तो बारावीच्या सुट्टीत, आणि उंची वाढली ती कॉलेजच्या पहिल्या वर्षी, अशी की मास्तरांनी मला वर्गात नवीन आलेला समजून नाव विचारलं.

मी काय विसरलो नाही ते सांगतो. अकरावीला जाताना तू मला पॅन्ट शिवलीस आणि खाली आतून चार बोटं दुमड ठेवलीस. आई म्हणाली, एवढं कापड कशाला वाया घालवतेस. तू मशीनवरून मान वर न काढता म्हणालीस, "लागेल त्याला." ताई, तेव्हा मला सगळे काही ना काही सांगत होते, हे खा, ते पी, लोंबकळ. 'लागेल' असं फक्त तू म्हणालीस. मी दोन वर्षं वर्गात बसल्या बसल्या ती दुमड बोटांनी चाचपून बघायचो, की आहे ना. मला त्यावेळी दुसरा कसलाही आधार नव्हता. आणि माझ्या मुलाला मी काय दिलं, तर नववीतला कॅप्टन.

गुरुवारी पार्किंगमध्ये उभं राहून मी डॉक्टरबाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. मांडीवर बसल्याचंसुद्धा. त्या जराही चकित झाल्या नाहीत. म्हणाल्या, निम्मे बाप असंच सांगतात, बाकीचे निम्मे आठवत नाही म्हणतात. मग सगळा हिशेब जुळतो, चाचण्या ठीक आहेत, हा मुलगा घराण्याच्या वळणावर गेलाय. स्कॅन सध्या नको. सहा महिन्यांनी परत आणा, तोवर सुरुवात झाली नाही तर थोडे दिवस इंजेक्शनं देऊन शरीराला जागं करता येतं, तेही अवघड नाही. मी आभार मानून फोन ठेवणार, तेवढ्यात म्हणाल्या, "हे मला सांगून अर्धंच काम झालं. त्याला कधी सांगताय?"

त्या फोनला तीन दिवस झाले. स्कॅन रद्द झाला एवढं दीपला सांगितलं, का ते सांगितलं नाही. रोज जेवताना तोंड उघडतो आणि आमटी मागतो.

भाऊजींना जय भीम. तुझ्या गुडघ्यांना तेल लावत जा, आणि लावलं असं खोटं कळवू नकोस. या घराण्यात एवढं खोटं पुरे.

तुझा,
समाधान

ता. क. खरं काम हे. तुझ्या लग्नाच्या अल्बममध्ये पहिल्या रांगेत फुगा धरून उभा असलेला जो मुलगा आहे, तो फोटो पाठव. मागे तुझ्या अक्षरात माझं नाव आणि वय लिही. मी लिहिलं तर आता कोण विश्वास ठेवणार.

ता. क. २. आमच्या टीव्हीशेजारचा कबड्डीचा कप भाऊजींचा आहे. पॉलिश करून आणतो म्हणून मी नेला होता. ते अजून शोधत असतील तर हळूहळू सांग.

ता. क. ३. पाकीट मी चिकटवलेलं नाही. उद्या शाळेत जाताना टपालात टाक म्हणून दीपच्या हातात देणार आहे आणि वर एवढंच म्हणणार आहे, की उघडं आहे, सांभाळून ने. तो वाचणार. लिहायला बसलो तेव्हा तुलाच लिहीत होतो, मध्येच कधीतरी कळलं, की मी तुला नाही, त्याला लिहितोय. पत्र तुझ्यापर्यंत पोहोचलं नाही तरी रागावू नकोस, ताई. तुला यातलं सगळं आधीच माहीत आहे.