आधी बडे बाबूंची चूक

बाबा, तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांत तुम्हाला कधी लिहावंसं वाटलं नाही. आज लिहितेय, कारण मला लाज वाटतेय आणि ती घरात कुणाला दाखवता येत नाही. चारबाग स्टेशनजवळच्या ज्या ऑफिसात तुम्ही बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क होतात, तिथे शनिवारी तुम्ही मला न्यायचात. सुटायच्या आधी सगळा सेक्शन तुमच्या टेबलाभोवती उभा राहायचा आणि आठवड्यातली आपली चूक आधी तुम्ही सांगायचात, मग एकेक जण आपापली. "अरे बड़े बाबू, हमसे तो इससे बड़ी हुई है," म्हणत माणसं हसायची. मी तेरा वर्षांची. एकदा परतताना मी म्हणाले, "सगळ्यांसमोर हसं करून घेता, मला लाज वाटते." तुम्ही चालता चालता थांबलात. "हसतात म्हणून तर सोमवारी मला खरं सांगतात. तू त्यांना हसू नकोस," एवढंच बोललात आणि पुढे चालू लागलात.

आता सरोजिनी नगरच्या एका लहानशा लॅबमध्ये नऊ माणसं माझ्या हाताखाली आहेत. आल्या आल्या मी भिंतीवर बोर्ड लावला, कोण चुकलं, किती वेळा. शिस्त लागलीही. डबे वेगवेगळ्या टेबलांवर उघडू लागले, मी आत शिरले की बोलणं थांबायचं, आणि मला वाटायचं, वा, काय मन लावून काम करतात. गेल्या महिन्यात नमुन्यांचा फ्रिज दोन दिवस बंद होता. सगळे नमुने वाया गेले. "किसी ने बताया क्यों नहीं?" मी खवळून विचारलं. एक जण हळूच म्हणाला, "मॅडम, जो बताता, उसी का नाम बोर्ड पर चढ़ता." सगळ्यात जुन्या टेक्निशियन बाई नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

मी बोर्ड उतरवला. शनिवारी सगळ्यांना बोलावून म्हणाले, आधी मी सांगते. एका रजिस्टरवर सही राहिली होती, तेवढी सांगितली. "जी मॅडम," म्हणून सगळे खाली बघत उभे राहिले.

फ्रिज बंद पडला त्याच सकाळी त्या बाई माझ्या दारात आल्या होत्या, बाबा. "मॅडम, एक मिनट..." मी मान वर न करता म्हणाले, "लिखकर दीजिए." त्या परत गेल्या. चौकशीच्या अहवालात मी लिहिलं, कुणीही कळवलं नाही, आणि जबाबदार म्हणून त्यांचं नाव घातलं. सोमवारी त्यांना कामावरून कमी करतायत. तुम्ही असतात तर हे सगळ्यांसमोर सांगितलं असतंत. मी तुम्हाला सांगतेय, कारण तुम्हाला सांगून माझं काही जात नाही.