सत्त्याऐंशी नंबरची नळी

३ मार्च
आकडे जुळत नाहीत! जुना प्रोग्राम नव्या सर्व्हरवर चालवला, तर यादीत माणसं दोनशे बारा आणि निकाल दोनशे अकरा. डोकं उठलं. उद्या बघू.

४ मार्च
सापडलं. सापडलं नसतं तर बरं झालं असतं.
सत्त्याऐंशी नंबरची रक्ताची नळी तपासणीच्या वेळीच फुटली होती. लॅबच्या बाईंनी वहीत लिहूनही ठेवलंय. माझ्या प्रोग्रामने ती जागा रिकामी सोडलीच नाही — पुढचे सगळे निकाल एकेक ओळ वर सरकले. त्यावरूनच दोन वर्षांपूर्वी पत्रं गेली: मेंदूचा तो आजार आईवडिलांकडून तुमच्यात उतरलाय की नाही. सव्वाशे माणसांच्या हातात शेजारच्याचा निकाल आहे! काहींचं ‘नाही’ खरं तर ‘हो’ असणार.
ताईचा नंबर एकशे एकतीस.

५ मार्च
पंचेचाळिशीत आईचे हात आपोआप हलायला लागले. मग ती आम्हाला ओळखेनाशी झाली. मी तपासणी करून घेतलीच नाही, धीर झाला नाही. ताईने केली. पत्र आलं तेव्हा "सुटले गं बाई!" म्हणत गळ्यात पडली होती. आता तिला सातवा महिना आहे.
तिचा खरा निकाल माझ्यासमोरच्या फाइलीत आहे. तीनदा माउसवर हात ठेवला. नाही उघडली.

६ मार्च
सरांना सांगितलं. सगळा विभाग त्यांच्या नावावर चालतो. त्यांनी उठून दार लावलं.
"आणखी कुणाला माहीत आहे?"
"कुणालाच नाही, सर. पण सगळ्यांना कळवायला हवं."
"कळवू ना. आधी कुणाकुणाचं ‘नाही’ चुकलंय, ते मला नीट बघू दे. तोवर तू कुठे बोलू नकोस." मग एकदम मऊ आवाजात — "चूक तुझी आहे, हे लक्षात असू दे."
जसं काही विसरणारच आहे मी!

९ मार्च
पासवर्ड चालत नाही. "देखभालीचं काम चालू आहे," म्हणे.

११ मार्च
अजून बंद. संस्थेच्या समितीला द्यायचं पत्र लिहून पर्समध्ये ठेवलंय. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. भित्री!

१२ मार्च
ताईचा फोन. खुशीत होती.
"अगं, परवा तुझे सर घरी येऊन गेले! किती साधा माणूस! बाळाला स्वेटर आणला होता. एका कागदावर सही घेतली — यापुढे माझा कुठलाही निकाल मला कळवायचा नाही, असं काहीतरी."
"आणि तू केलीस?"
"तुझेच सर ना! आणि माझं तर सगळं छानच आहे."
दारावर कुणीतरी आलंय, असं सांगून फोन ठेवला.
सगळ्यांकडेच जात असतील सर. कुठून तरी सुरुवात करायचीच, ती ताईपासून केली. एवढंच असेल.

१३ मार्च
समितीला पत्र देऊन आले. पोच घेतली. खाली सरांचे ड्रायव्हर भेटले. म्हटलं, सव्वाशे घरं फिरायची म्हणजे दमत असाल हो.
"सव्वाशे कुठली, मॅडम! चारच होती. परवाच संपली."