हळदीच्या भिंती

चादर दुमडून खिडकीच्या दांडीवर टाकली, दोन्ही टोकांना कपड्यांचे चिमटे लावले, आणि तरीही उन्हाची एक बारीक पट्टी बाहुलीघराच्या माजघरात शिरलीच, आई. मी स्टुलावरून उतरले, पट्टी कुठून येते ते पाहिलं आणि पुन्हा चढले. गुडघ्याने तक्रार केली. तू हे घर पाहिलेलं नाहीस. हे आमचंही नाही. कर्वेनगरातली आमची इमारत पाडली आहे, तिथे नवी उभी राहीपर्यंत आम्ही दोघं जवळच भाड्याने राहतो. बेडरूममध्ये छतापर्यंत खोकी आहेत. तुझं बाहुलीघर मावेल अशी जागा हॉलमध्येच होती, आणि हॉल पश्चिमेला आहे. दुपार कलली की ऊन समोरच्या गच्चीवरून थेट आत येतं. येऊन जेमतेम महिना झाला, तेवढ्यात माजघराच्या मागच्या भिंतीवर एक फिकट पट्टा उठला आहे, भांडी घासणाऱ्या बाईंच्या बोटावर अंगठीच्या जागी असतो तसा. जुन्या घरात इतक्या वर्षांत जे झालं नाही ते इथे झालं.

ते बाहुलीघर तू चहाच्या खोक्याचं केलंस. वाण्याकडून आणलेलं प्लायवूडचं खोकं, कडांना पत्रा. आपण सदाशिव पेठेत दोन खोल्यांत राहत होतो आणि मी नुकती शाळेत जायला लागले होते. तू स्टोव्हवर पातेल्यात हळद आणि तुरटी उकळते आहेस. जुन्या पंच्यातून गाळते आहेस. जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या पाठी, गुळगुळीत पांढऱ्या, त्यावर ते पाणी कुंचल्याने ओढते आहेस. पानं दोरीवर वाळली की पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवतेस, भेंडीचं देठ कापून ती त्यात बुडवतेस आणि पिवळ्या कागदावर ठेवतेस. उचललीस की खाली लाल फूल. मी विचारते, लाल रंग कुठे आहे? वाटीत तर पांढरंच पाणी आहे. तू म्हणतेस, "कुठेच नाही. तिथल्या तिथे होतोय. बघ की नीट." मी नीट बघते. त्यानंतर इतकं नीट मी फारसं काही बघितलं असेल असं वाटत नाही.

मग ती मे महिन्यातली दुपार. शेजारच्या मुलीला दाखवायचं म्हणून मी घर ओढत गॅलरीत नेलं. माझ्या लाकडी ठकीला माजघरात बसवलं, भातुकलीतली पातेली मांडली. तू कणकेच्या हातांनी बाहेर आलीस. "भिंती उन्हाला खायला घालतेस का?" एवढंच म्हणालीस. शेजारची मुलगी तिथून निघूनच गेली. तू घर उचलून आत नेलंस आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलंस, दिवेलागणीपर्यंत. दुसऱ्या दिवशी जुन्या साडीचा पडदा शिवून त्याला पुढे लावला. नियम सांगितलास: दिवा लागल्यावर पडदा उघडायचा, झोपताना ओढायचा. "कच्चा रंग आहे, दिवसा बघायचा नाही." मी म्हटलं, मग पक्का का नाही लावलास? "हळद घरात होती," तू म्हणालीस आणि पुन्हा कणकेला लागलीस. तुझी बहुतेक उत्तरं अशीच असायची. त्यांच्यापुढे काही विचारता येत नसे.

तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते. तुझं बाकीचं माझ्याकडून हळूहळू सुटलं. उपास सुटले, सणाचे पदार्थ विकत यायला लागले, तुझ्या साड्या कुणाकुणाला दिल्या. पडदा तेवढा पाळला. लग्नानंतर बाहुलीघर माझ्याबरोबर आलं आणि उत्तरेकडच्या अंधाऱ्या खोलीत राहिलं. मुलीलाही दिवे लागल्यावरच खेळू दिलं. ती लवकर कंटाळली. आता ती बंगलोरला असते. परवा फोनवर म्हणाली, "आई, फोटो काढून ठेव ना. फोटो नाही फेड होत." तिचं चूक नव्हतं. मी तिला सांगू शकले नाही की त्या खोक्याखेरीज तुझ्या हातचं माझ्याकडे काहीच उरलेलं नाही. सांगायला फार वेळ लागला असता, आणि तिची मीटिंग होती.

जुने कागद सांभाळणाऱ्या एका बाईंना मी फोन करून विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की उडालेला रंग परत येत नाही. उरलेला टिकवायचा तर प्रकाश कमी करा, काचेला ऊन अडवणारी फिल्म लावा, ती लागेपर्यंत झाका. आणि काही झालं तरी वार्निश मारू नका, कागद पिवळा पडेल. हे मी ह्यांना सांगितलं. हे पेपर वाचत होते. "अरेरे," म्हणाले. "हळदीचा कागद पिवळा पडणार."

तर आज फिल्म लावणारा आला. पंचविशीचा, चंद्रपूरकडचा. चादर काढून त्याने काच मापली.

"एवढं कशाले, काकू? जाड पडदा लावून टाका न."

"तेच मी महिनाभर सांगतोय," हे म्हणाले. "पण पडदा माणसांसाठी असतो. ही कागदाची सोय चालली आहे."

"अहो, तुम्ही पेपर वाचा."

"वाचतोच आहे. त्याला कुणी फिल्म लावत नाही, तेव्हा उडायच्या आत वाचून घेतो."

तो हसला. मग त्याने विचारलं की ऊन नेमकं कुठे पडतं. मी बाहुलीघराचा पडदा बाजूला केला आणि फिकट पट्टा दाखवला. "हे कोणी बनवलं?" "माझ्या आईने." "मंग तं जपाच लागते," तो म्हणाला आणि कामाला लागला. पडदा तसाच उघडा राहिला. त्याने बाटलीतून काचेवर फवारा मारला, फिल्म चिकटवली, आणि खालचं पाणी काढायला रबरी पट्टी जोरात ओढली. पट्टीवरचं पाणी झटकलं गेलं आणि माजघराच्या भिंतीवर उडालं.

ती बाटली मी आधीच पाहिली होती. त्यात कपड्यांच्या पावडरीचं पाणी होतं. ज्या घरात कधी शर्टावर आमटी सांडली आहे त्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं की हळदीवर साबण पडला की काय होतं. मलाही ठाऊक होतं. कागदाला ऊन लागेल या एका गोष्टीकडे मी इतकी बघत होते की दुसरं काही डोक्यात आलंच नाही.

"काकू, हे लाल होऊन राहिलं!" तो पट्टी हातात धरून उभा. "मी काही नाही केलं जी, साधं साबणाचं पाणी आहे."

"तुझं काही चुकलं नाही," मी म्हटलं. पडदा मीच उघडा ठेवला होता.

हे उठले. बाहुलीघरासाठी हे पहिल्यांदाच उठले असतील. स्वयंपाकघरातून अर्धं लिंबू आणि कापूस घेऊन आले. मी कापूस लिंबात बुडवून एका थेंबावर टेकवला. लाल विरला, खालून पिवळं वर आलं, आधीपेक्षा थोडं फिकट, पण पिवळं. "जमलं," हे म्हणाले. "आता बाकीचे घे लवकर."

मी पुढच्या थेंबाकडे कापूस नेला आणि थांबले. थेंबाच्या शेजारी तुझं एक फूल होतं. ते तपकिरी होतं. जुन्या चिंचेसारखं. सगळीच फुलं तशी होती. मी त्यांना लाल म्हणत आले होते. मुलीला तसंच सांगितलं, फोनवरच्या बाईंनाही तसंच सांगितलं, लाल फुलं आहेत, पिवळ्यावर. कधी तपकिरी झाली ते मला माहीत नाही. मी रोज बघत होते म्हणून दिसलं नसावं. आणि ऊन तर त्यांना लागलं नव्हतं. ती पडद्याच्या आत, अंधारातच गेली. त्यांच्या मधोमध हा ओला थेंब होता आणि तो लाल होता. तू भेंडी उचललीस तेव्हाचा लाल. मला वाटत होतं तो मला आठवतो. आठवत नव्हता.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"लिंबू राहू दे."

"राहू दे म्हणजे?"

"म्हणजे राहू दे."

हे म्हणाले, "मग महिनाभर चादरी कशासाठी टांगत होतो आपण?" यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होते. फिल्मवाल्याने काम संपवलं, काही दिवस काच पुसू नका म्हणाला, जाताना पुन्हा एकदा आत डोकावला आणि आपला दोष नसल्याची खात्री करून घेऊन गेला. ह्यांनी चहा केला. ऊन आलं, पण फिल्ममधून येताना राखाडी झालेलं होतं, आणि त्यात ते थेंब स्पष्ट दिसत होते. मी खुर्ची ओढून समोर बसले. दिवे लागायच्या आधी, पडदा उघडा ठेवून.

थकले आहे, आई. घर हलवून थकले, ते वेगळं. तू सांगितलेलं एक तरी नीट केलं असं मला वाटायचं, आणि त्या वाटण्यावर मी बरंच काही भागवलं. तुझा नियम बरोबर होता. पिवळा त्यानेच टिकला. लालचं काय होणार हे तुला ठाऊक होतं का, ते आता विचारता येणार नाही. विचारलं असतं तरी तू म्हणाली असतीस, चुना घरात होता.

हे पत्र मी कुठे ठेवणार नाही आणि कुणाला वाचायला देणार नाही. एक गोष्ट मात्र लिहून टाकते. लिंबू लावणंच शहाणपणाचं होतं. साबण तिथे राहिला तर कागद खराब होईल, हे मला त्याही क्षणी कळत होतं. तरी लावलं नाही. कागद टिकण्यापेक्षा तो लाल एक संध्याकाळ बघायला मिळावा, असं मला वाटलं.

वरचं काल रात्री लिहिलं. आज सकाळी उठून पाहिलं तर थेंब वाळून तपकिरी झाले होते. फूल कुठलं आणि थेंब कुठला ते जवळ गेल्याशिवाय कळत नव्हतं. हे दात घासत मागे येऊन उभे राहिले. "पडदा ओढायचा राहिला का रात्री?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राहिला नाही. उघडाच ठेवला.