रेघेबाहेरची

१८ जानेवारी २००४, रविवार

आले एकदाची बडोद्याला! लग्नाला महिना झाला तरी कोल्हापुरातच अडकले होते. लग्नांच्या कॅसेटी मिक्सिंग करून दिल्याशिवाय दुकानाचा मालक सोडतोय कुठला! आता मी निजामपुऱ्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची मालकीण. घरात माणसं मोजून तीन: हे, सासरे म्हणजे आबासाहेब, आणि त्यांच्या धाकट्या बहीण रखमाबाई, आमच्या आत्याबाई. आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि दारातच गुजरातीत शेजारणीला माझं कौतुक सांगितलं. इथं भाजीला शाक म्हणतात. आमटीत एवढा गूळ की मला वाटलं, चुकून खीरच वाढली. हसू दाबता दाबता पुरेवाट झाली.

बाहेरच्या खोलीत संयोगिताचा फोटो आहे. यांची पहिली. दोन वर्षांपूर्वी तापानं गेली. फोटोला ताज्या शेवंतीचा हार होता. मीही हात जोडले, रीत म्हणून.

२१ जानेवारी

आठ फेब्रुवारीला आबासाहेबांचं सहस्रचंद्रदर्शन. हॉल ठरलाय, माझी आईसुद्धा येणार. हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर फिल्म दाखवायची असं यांच्या मनात आहे: घरचे, जवळचे सगळे आबासाहेबांबद्दल दोन शब्द बोलतील, आणि ते जोडायचं काम माझं. यांच्याकडे हँडीकॅम आहे, काँप्युटरही चांगला आहे. मी लगेच हो म्हटलं. त्या दिवशी सगळं बडोदं मला या घरची सून म्हणून पहिल्यांदा बघेल. शेवटी माझं नाव येईल: संकलन, सौ. शलाका. आईच्या डोळ्यांत पाणी येणार, नक्की.

२४ जानेवारी

बोलणारा बाल्कनीच्या उजेडात बसावा म्हणून यांनी खुर्ची एकाच जागी ठेवली. आणि प्रत्येकाच्या उजव्या खांद्यावर ती! हार घालून, दात दाखवत! मी म्हटलं, फोटो दोन दिवस आत ठेवू. यांनी नुसतं राहू दे म्हटलं आणि कॅमेऱ्याशी चाळा करत बसले.

बरं, बोलायचं आबासाहेबांबद्दल, तर आत्याबाई निम्मा वेळ संयोगिताच्या पुरणपोळ्यांवर. आबासाहेबांचे मित्र जयवंतराव पादरा गावाहून मुद्दाम आले, तेही म्हणाले की संयोगिता होती म्हणून प्रतापसिंहराव, म्हणजे आमचे आबासाहेब, मागच्या मोठ्या आजारातून उठले. मी चहाचा ट्रे घेऊन मागे उभी. चहा कुणी केला ते कुणी विचारलंसुद्धा नाही. मेलेल्या बाईचा मत्सर करतात का कुणी? मी करते.

२७ जानेवारी

तिला घालवलं! दुकानात कितीदा केलंय हे. एकच चित्र एकावर एक दोनदा ठेवायचं. वरच्यात बोलणाऱ्या माणसाभोवती रेघ ओढायची. रेघेच्या आतला तेवढा स्वच्छ, खालचं सगळं धूसर. माणूस हलला की रेघही सरकवावी लागते. एका मिनिटाच्या बोलण्याला अख्खी दुपार जाते, पण आज कंटाळा कसला तो आलाच नाही. आत्याबाईंच्या मागे आता नुसता पिवळा-तपकिरी डाग आहे. पुरणपोळ्याही कापल्या.

आत्याबाईंनी स्वतःला पडद्यावर दोनदा पाहिलं आणि खूश झाल्या. संध्याकाळी फोटोला हार घालायच्या विसरल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा, असं हे म्हणाले. माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या!

२९ जानेवारी

जयवंतरावही झाले. ते बघायला आले, बघितलं, चहा प्यायले आणि जाता जाता फोटोकडे बोट दाखवून विचारलं की ही कोण बाई. आबासाहेबांनीही कालच दोन्ही तुकडे पाहिलेत. त्यांनाही सांगता येईना.

म्हणजे बघेल तो विसरतोय. भीती वाटायला हवी होती. मी खंडेराव मार्केटातून चांगलं केशर आणलं आणि घरभर पुरेल एवढं श्रीखंड केलं.

३१ जानेवारी

आज एक विचित्रच झालं. आत्याबाई श्रीखंड चाटत म्हणाल्या की संयोगिताच्या हाताची सर कुणाला नाही. म्हणजे आठवण आहेच की हिला, म्हणून मी फणकारले, तर माझ्याच गालावरून हात फिरवला. मला म्हणत होत्या. मला!

मी म्हटलं, मी शलाका. त्या हसल्या. लग्नात ताटातल्या तांदळावर समरजितनं अंगठीनं संयोगिता लिहिलं ते मीच वाचून दाखवलं होतं, असं म्हणाल्या. खोटं! माझ्या तांदळावर शलाका लिहिलं होतं. नाव बदलायचं नाही म्हणून मी मांडवात हटून बसले होते.

इतकं प्रेम केलं आज, तेही तिच्या नावावर. मेली मरूनही माझ्या ताटातलं खाते.

२ फेब्रुवारी

यांचा तुकडा मी अजून धूसर केलेला नाही. या घरात शलाका म्हणणारं आता हेच एक माणूस आहे. यांना बाकीचं काहीही बघू दिलेलं नाही.

पण तो तुकडा आज नीट ऐकला. आबासाहेबांबद्दल चार वाक्यं, आणि मग हे थांबतात. मागे वळून फोटोकडे बघतात. म्हणतात, संयू असती तर. पुढं बोलवत नाही. डोळे पुसतात.

संयू. मला दीड महिन्यात शलूसुद्धा म्हटलेलं नाही.

मी रेघ ओढायला घेतली आहे. कळतंय मला काय करतेय ते. चांगलं कळतंय.

४ फेब्रुवारी

दाखवलं.

हे आज ऑफिसातून लवकर आले. मोगऱ्याचा गजरा आणला, स्वतः माळला. हात धरून बाल्कनीत बसले, लहानपणीच्या गोष्टी सांगत राहिले. असं माझ्याकडे यांनी कधी बघितलंच नव्हतं. प्रत्येक वाक्याला संयू, संयू. आणि मी हूं, हूं करत बसले. सुख झालं, खोटं कशाला लिहू? एक संध्याकाळ कुणाचाच मत्सर वाटला नाही.

मग गजरा काढला आणि न्हाणीघरात बसून रडले. ते माझ्याकडे बघत नव्हतेच.

५ फेब्रुवारी

पुरे झालं. सगळं उलटं करायचं. धूसरपणा काढून टाकला, मूळ चित्र लावलं— डाग तसाच. रेघ नाही, काही नाही, तरी मागे डाग. मूळ कॅसेट घातली, तर यांनी त्यावर हॉलच्या सजावटीचं शूटिंग करून ठेवलेलं.

बाहेर जाऊन भिंतीवरचा खरा फोटो पाहिला. भर दुपार, बाल्कनीचा उजेड थेट त्यावर.

कुंकू, केस, हार, सगळं स्वच्छ. चेहरा तेवढा पुसट.

आईला फोन केला. शलू म्हणाली! तिकीट काढलंय, आठला सकाळी पोहोचते म्हणाली. तिनं फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ मी रिसीव्हर धरूनच होते.

६ फेब्रुवारी

फोटोत डोळे आलेत. नाक. हनुवटीवरचा तीळ.

माझा तीळ.

आत्याबाईंनी आज पुन्हा हार घातला, दोन वर्षांचा नेम असावा तसा. मी विचारलं, कुणाचा हा फोटो. त्यांनी मायेनं सांगितलं— समरजितची दुसरी. कोल्हापूरची होती. शलाका. बिचारी महिनाभरही टिकली नाही इथं.

दुसरी, तर मग मी कोण— विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक आहे म्हणून नाही विचारलं.

७ फेब्रुवारी

फिल्मची सीडी लपवली होती. यांनी दुसरी काढून ठेवलीय. उद्या सगळा हॉल बघणार.

मी शलाका. मी शलाका समरजित. आमटीत मी गूळ घालत— आज घातला. हातानंच घातला. मी सं

खोडलं. शलाका.

आई आली की सगळं ठीक होईल. तिला एवढंच सांगायचं, टीव्हीकडे बघू नको. आधी माझ्याकडे बघ.

८ फेब्रुवारी, सकाळ

आई आली. मी न्हाणीत होते. केस पुसत बाहेर येईपर्यंत यांनी तिला बसवून सीडी लावूनसुद्धा दिली. शेवटचं संगीत वाजत होतं—

दाराआडून बघितलं. आई टीव्हीसमोर नाही. फोटोसमोर उभी. पदर तोंडात. शलू गं, माझी शलू, म्हणून—

मी धावले. आई म्हटलं. तिनं वळून डोळे पुसले, पदर सावरला. मला नमस्कार केला. मला! आणि म्हणाली, संयोगिताबाई, तुम्ही तिच्या फोटोला रोज हार घालता, फार उपकार आहेत तुमचे. थोडं पाणी देता का.

देता का म्हणाली. आईनं मला अहो—

स्वयंपाकघरात बसून लिहितेय. तांब्या भरलाय. नेते आणि सांगते तिला, तिच्या मांडीवर डोकं ठेवून सांगते, आई, अगं मी तुझी सं—